फॉर्मवर नंबर कोणाचा

बुधवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास माझ्या मोबाईलवर मेसेज आला, की सरिताला चंद्रपूरच्या इंजिनीअरिंग कॉलेजात सीट लागली. यादीत पहिल्या नंबरवर भरलेलं कॉलेज. मी टेबलावर हात आपटला. म्हटलं, "झालं वाटोळं!"

समोर तिचा बाप बसला होता, जोगाभाऊ. तो घाबरला. "काऊन बाई? सीट नाई भेटली?"

"भेटली ना भाऊ. म्हणूनच तर."

आता हे तुम्हाला समजावून सांगावं लागेल, कारण तेव्हा त्यालाही चार वेळा समजावून सांगावं लागलं होतं.

माझं आलापल्लीत फॉर्म भरायचं दुकान आहे. आधी एसटीडी बूथ होता, सोबत झेरॉक्स. बूथ बंद पडले तेव्हा मी पन्नाशीला टेकले होते. कॉम्प्युटर घेतला आणि स्वतःच शिकले. शाळा माझी सातवीपर्यंत. पण नोटीस वाचायची म्हटलं की मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचते, बारीक अक्षरातलीसुद्धा. तेवढ्या एका गुणावर दुकान चाललं.

भामरागडच्या पलीकडची बरीच पोरं माझ्याकडे येतात. त्यांच्या गावात टॉवर नाही. मग फॉर्मवर मोबाईल नंबर कोणाचा? माझा. ईमेल? मीच काढून दिलेला. ओटीपी माझ्या फोनवर, हॉल तिकीट माझ्या फोनवर, निकाल माझ्या फोनवर. कागदही माझ्याचकडे. घरी वाळवी लागते, छप्पर गळतं, म्हणून लोक आणून देतात. माझ्या लोखंडी कपाटात एकेका पोराची प्लास्टिकची पिशवी आहे, वर नाव लिहिलेली. निरोप द्यायचा झाला तर मुक्कामी एसटीचे ड्रायव्हर नामदेवभाऊ. ते चिठ्ठी नेतात, सकाळी उत्तर आणतात.

सरिता आश्रमशाळेतून बारावी सायन्स झाली. तिला लष्करात ऑफिसर व्हायचं होतं. बारावीवर त्याची एक मोठी लेखी परीक्षा असते. ती पास झाली की पाच दिवसांची मुलाखत असते. तिला आम्ही बोर्ड म्हणतो. नुसते प्रश्न नाहीत, पळवतात, टोळीनं काम करायला लावतात, बोलायला लावतात. त्यातून निघाली की मेडिकल, मग मेरिट लिस्ट. लिस्टमध्ये नाव आलं तर अकादमीत राहणं, खाणं, डिग्री सगळं सरकारचं. पण लिस्ट येते दिवाळीच्या आसपास, आणि कॉलेजचे प्रवेश संपतात त्याच्या कितीतरी आधी. तोपर्यंत घरच्यांनी करायचं काय? पोरीला घरी बसवायचं की कॉलेजात घालायचं?

आम्ही ठरवलं, दोन्ही करायचं.

पोरगी लेखी पास झाली. नामदेवभाऊंना त्याचं नवल वाटलं नाही. "बाई, ते सकाळी माझ्या गाडीच्या पुढं धावते. वळणापर्यंत हॉर्न दिला तरी बाजूले होत नाई," म्हणाले.

मग बोर्डाची तारीख निवडायची होती. ती ऑनलाईन असते, जो आधी बटन दाबेल त्याची. साईट उघडली तेव्हा सरिता गावात धानाच्या रोवणीत होती. पुलावर पाणी, गाडी बंद, चिठ्ठी जाईना. माझ्या डोळ्यांसमोर तारखा भरून राहिल्या होत्या. तीन उरल्या, मग दोन. मी कॉलेजच्या प्रवेशाचं वेळापत्रक शेजारी उघडून ठेवलं, मधला रिकामा आठवडा शोधला आणि भोपाळची शुक्रवारची तारीख दाबली. तिला न विचारता.

वेळापत्रक पुढे बदललं. ते दरवर्षी बदलतं, हे मला माहीत होतं. तरी दाबली.

म्हणून बुधवारी ही गत. पहिल्या पसंतीची सीट लागली की कॉम्प्युटर ती आपोआप पक्की धरतो, याला ऑटो फ्रीझ म्हणतात. पुढच्या राऊंडसाठी थांबता येत नाही. गुरुवार ते शनिवार कॉलेजात जाऊन ओरिजिनल कागद दाखवा, नाही तर सीट गेली. आणि शुक्रवारी सकाळी सरितानं भोपाळला हजर व्हायचं, तेच ओरिजिनल कागद घेऊन. दहावी-बारावीच्या मार्कशीटचा संच एकच. दारं दोन.

सरिता बापाच्या मागं उभी होती. तारखेची चिठ्ठी मागेच पोचली होती; भोपाळसाठी निघायचं म्हणून, पुन्हा चढलेलं पुलाचं पाणी उतरायची वाट न बघता दोघं डोंग्यानं नाला पार करून, मग चालत, मग जीपनं आले होते. मी तिला सरळ सांगितलं, "पोरी, तारीख मी दाबली. तुले विचारलं नाई. चूक माझी आहे."

ती म्हणाली, "मी असती तर दुसरी दाबली असती का नाई, ते आता सांगता येत नाई. उद्याचं बोला ना बाई."

जोगाभाऊ म्हणाला, "दोनातलं एक सोडा. सीट हातात आहे, ते धरा."

"बाबा, सोडाचं कायले? उद्याचा दिवस आहे ना अजून."

रात्री त्यांना माझ्याकडेच ठेवलं. सकाळी पहिल्या गाडीनं आम्ही तिघं चंद्रपूरला. भोपाळची ट्रेन संध्याकाळी सातची. म्हणजे कॉलेजचं काम पाचच्या आत.

काउंटरवरच्या क्लार्कनं पिशवी ओतली. "दहावी, बारावी, दाखला, जातीचे कागद, सगळे ओरिजिनल जमा होतील. कोर्स संपल्यावर भेटतील."

मी म्हटलं, "भाऊ, तपासा आणि परत द्या. दाखला तेवढा ठेवा. तुमच्याच पुस्तिकेत तसं लिहिलं आहे."

"कुठी?"

"पान उलटा. खाली बारीक अक्षरात."

त्यानं वाचलं. "हे नुसतं लिहाचं असते बाई. आमच्या इथी पद्धत वेगळी आहे. पोरं सीट घेतात आन् दुसरीकडे पळतात. कागद असले की पळत नाई."

"हे पळणारी नाई."

"मग कागद काऊन पायजे?"

खोटं बोलावं असं एकदा मनात आलं. सरिताच बोलली. "सर, मले सैन्याच्या मुलाखतीला जाचं आहे. उद्या सकाळी."

क्लार्क हसला. "म्हणजे पळणारीच आहे!" मागचे दोघं-तिघंही हसले.

आम्ही प्रिन्सिपल मॅडमकडे गेलो. त्या मीटिंगमध्ये. साडेतीनपर्यंत बाकावर बसलो. जोगाभाऊ दर दहा मिनिटांनी विचारायचा, "ट्रेन किती वाजताची म्हणलं?" शेवटी मॅडम बाहेर आल्या, मी उभी राहिले आणि एका दमात सगळं सांगितलं. माझ्या चुकीसकट.

मॅडम सरिताकडे बघून म्हणाल्या, "तू तिकडे निवडली गेलीस, तर आमची सीट वर्षभर रिकामी राहील. मी का द्यावी तुला?"

"मॅडम, नाई निवडली गेली तर?"

मॅडमनी हातातली फाईल बाकावर ठेवली.

"तर मले इथीच शिकाचं आहे. तिथी नाई जमलं म्हणून घरी बसली, तर माझ्या मागं गावातून कोणी पोरगी निघणार नाई."

मॅडमनी क्लार्कला बोलावलं. ठरलं असं, की दाखला कॉलेजात राहील, मार्कशीट तपासून परत मिळतील, आणि बापानं हमीपत्र द्यायचं, की पुढच्या बुधवारी पाचच्या आत मार्कशीट आणून दाखवू, नाही तर प्रवेश रद्द. बोर्ड मंगळवारी संपत होतं. हिशेब बसत होता. हमीपत्र मी समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे स्वतः टाईप केलं. जोगाभाऊनं अंगठा दिला, साक्षीदार म्हणून मी सही केली.

साडेसहाला स्टेशनवर. जोगाभाऊला तिच्यासोबत जायचं होतं. ती म्हणाली, "बाबा, तिथी तुमाले आत घेत नाई. गेटवर पाच दिवस उभे राहाल का?" तो म्हणाला, "राहीन." पण ती एकटीच चढली. जन्मात पहिल्यांदा ट्रेन. डब्यात चढताना पाठमोऱ्या उतरणाऱ्या बाईला तिनं हात दिला, मग स्वतः चढली.

मंगळवारी दुपारी कोणाच्या तरी फोनवरून तिचा आवाज आला. "बाई, माझा नंबर पुकारला! रेकमेंड केलं!"

बोर्डानं रेकमेंड करणं म्हणजे, आमच्याकडून ही चालेल, असं सांगणं. अजून निवड नाही, पण मोठी पायरी. मी दुकानातल्या सगळ्यांना गूळ-शेंगदाणे दिले. देता देता हात थांबला. रेकमेंड झालेल्यांना तिथंच ठेवून घेतात. मेडिकल होतं, चार-पाच दिवस. कागद तिच्यापाशी. आणि उद्या बुधवार.

खरं सांगते, हा विचार मी आधी केलाच नव्हता. हमीपत्र मी पोरगी नापास होईल असं धरून टाईप केलं होतं. पास झाली तर काय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तिच्यासाठी एवढी धावपळ करून राहिले होते, आणि मनातून माझाच भरोसा नव्हता.

नामदेवभाऊंनी रात्री चिठ्ठी पोचवली, जोगाभाऊ सकाळच्या गाडीनं आला, आणि बुधवारी आम्ही दोघं पुन्हा त्याच काउंटरवर. सरितानं रेकमेंड झाल्याच्या कागदाचा फोटो पाठवला होता, त्याची प्रिंट सोबत.

क्लार्क म्हणाला, "मार्कशीट?"

मी प्रिंट पुढं केली. मेडिकलचं सांगायला लागले. त्यानं हात वर केला. "बाई, हमीपत्रात बुधवार लिहिला आहे. तुमचीच सही आहे. मार्कशीट कुठी आहे?"

जोगाभाऊ आजवर त्या काउंटरवर एक शब्द बोलला नव्हता. तो पुढं झाला. "मार्कशीट पोरीपाशी आहे, साहेब. मी इथी आहे. ते येतवरी मले ठेवा."

"काय?"

"तुमाले काही ठेवा लागते ना? मले ठेवा. व्हरांड्यात बसतो. जेवण आणलं आहे."

आणि त्यानं खरंच खांद्यावरची पिशवी काउंटरवर ठेवली. कोणी हसलं नाही. क्लार्क त्याच्याकडे बघत राहिला, मग पिशवीकडे. "काका, हे उचला आधी," म्हणाला. प्रिंट घेऊन स्वतःच मॅडमकडे गेला. परत आला तेव्हा हमीपत्रावर बुधवार खोडून सोमवार लिहिलं होतं, बाजूला मॅडमची सही. "सोमवारी नाई आले तर मी काही करू शकणार नाई," म्हणाला. मग हळूच, "पोरगी धावते चांगली का?"

"एसटीच्या पुढं," जोगाभाऊ म्हणाला.

सरिता रविवारी आली. सोमवारी मार्कशीट दाखवल्या, प्रवेश पक्का झाला. मेडिकलमध्येही फिट. मग वाट बघणं. ती हॉस्टेलवर गणितं सोडवत होती आणि पहाटे मैदानावर धावत होती. जोगाभाऊ दर बाजाराला दुकानाच्या पायरीवर यायचा. "जोहार बाई. आलं का?" "नाई आलं भाऊ." मग तो मीठ-तेल घेऊन गाडी धरायचा.

मेरिट लिस्ट माझ्याच फोनवर उघडली. मी ती वरून खाली वाचली, मग खालून वर. सरिताचं नाव नव्हतं. रेकमेंड झालेले जास्त, जागा कमी. तिला फोन करायला मला अर्धा दिवस लागला.

ती म्हणाली, "बाई, वय आहे अजून माझं. पुढचा पेपर मी दिलेला आहे. तुमाले सांगितलं नाई."

"कोणी भरला फॉर्म?"

"मीच. हॉस्टेलच्या पोरीच्या लॅपटॉपवर."

"नंबर कोणाचा टाकला?"

"माझा. इथी टॉवर आहे ना."

मला थोडं लागलं. मग बरं वाटलं. त्यानंतर बोर्डाची तारीख कधी आली, कोणती निवडली, मला काही माहीत नाही. माझ्या फोनवर काही येत नव्हतं. जोगाभाऊ विचारायचा, "आलं का?" मी म्हणायची, "भाऊ, आता माझ्यापाशी नाई येत. तुमच्या पोरीपाशी येते."

उन्हाळ्यात, तेंदूपानाचे दिवस जवळ आले होते, तेव्हा जोगाभाऊ सकाळच्या गाडीनं उतरला. बाजाराचा दिवस नव्हता. त्यानं खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढली. सरितानं चंद्रपूरहून पाठवलेली, गाडी बदलत बदलत नामदेवभाऊंच्या हातून गावात पोचलेली.

"वाचा बाई."

मी वाचली. "बाबा, लिस्टमध्ये माझं नाव आलं. कॉलेजातून दाखला काढायचा आहे. मॅडमले मी सांगितलं, त्या देते म्हणाल्या. यावेळी तुमाले कुठी ठेवाचं काम नाई. बाईले तुम्हीच सांगा."

माझा चष्मा पुसून झाल्यावर मी विचारलं, "नामदेवभाऊनं वाचून नाई दाखवली?"

"दाखवली ना. दोनदा."

"मग?"

"तुमच्या तोंडून ऐकाचं होतं."

मी पुन्हा वाचली. त्यानं चिठ्ठीची घडी घातली आणि माझ्याकडे दिली. सरिताच्या पिशवीत ठेवायला.

अजूनही ज्यांच्या गावात टॉवर नाही त्यांच्या फॉर्मवर मी माझा नंबर टाकते, दुसरा इलाज नाही. पण तारीख मी दाबत नाही. साईट भरली तर भरू दे, आधी चिठ्ठी जाते, मग बटन. आणि हमीपत्र टाईप करायचं असेल, तर त्यात पोरगं पास झालं तर काय, हे पहिल्या ओळीत लिहिते.