काडी ओली निघाली पाहिजे

लग्नानंतरच्या पहिल्या रजेत नवऱ्याने मला एक डबा आणून दिला. पत्र्याचा, उभट, वर कुठल्यातरी परक्या भाषेतली अक्षरं. ही साठ सालानंतरची गोष्ट. मी वीस वर्षांची होते आणि कणकवलीकडच्या घाटाजवळच्या गावातून मालवणात येऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं. नवरा मालवाहू बोटीवर इंजिनखात्यात होता. दहा महिने पाण्यावर, दोन महिने घरी. घरात मी आणि सासूबाई, दोघीच.

डबा उघडला तर आत गडद तपकिरी पूड. मी बोट बुडवून चाटलं आणि तोंड वाकडं केलं.

सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "औषध हाडलंस काय रे?"

"औषध न्हय गे आये. कोको. ह्याची ब्राउनी करतत."

ब्राउनी म्हणजे काय, हे विचारण्यात माझे पुढचे दोन दिवस गेले. बोटीवरचा भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, गोव्याचा होता. रविवारी दुपारी तो खलाशांना ती करून घाले. नवऱ्याला ती फार आवडे, पण सांगता मात्र येत नसे.

"केक म्हणू नको. केक फुगता. ही फुगत नाय. चौकोनी तुकडे करतत, वर काळो लेप. आत ओली."

"ओली म्हणजे कच्ची?"

"कच्ची न्हय. ओली."

"मगे शिऱ्यासारखी?"

"न्हय गो."

"खोबऱ्याच्या वडयेसारखी?"

त्याने डोकं खाजवलं. "जवळ इलंस. पण न्हय."

मला लहानपणापासून ही खोड. एखादी गोष्ट नीट कळली नाही तर ती डोक्यात टोचत राहते. शाळेत असताना घड्याळ आतून कसं चालतं ते बघायला मी वडिलांचं घड्याळ उघडलं होतं आणि त्याबद्दल मारही खाल्ला होता. आता हा एक पदार्थ, जो माझ्या नवऱ्याने पन्नास वेळा खाल्ला, मी एकदाही पाहिला नाही, आणि जो केकही नाही, शिराही नाही, वडीही नाही. जाताना मी त्याला बजावलं, "त्या भंडाऱ्याक इचारून सगळा लिवन धाडा."

पत्र यायला अडीच महिने लागले. भंडाऱ्याने सांगितलं होतं आणि नवऱ्याने त्याच्या वाकड्या अक्षरात उतरवलं होतं. मैदा एक कप, साखर दोन कप, लोणी एक कप, कोको पाऊण कप, अंडी चार. अंडी फार फेटू नयेत. सोडा घालू नये. बोटीवर अक्रोड घालतात, तिकडे काजू चालतील. आणि शेवटच्या ओळीखाली दोन रेघा ओढल्या होत्या: मध्ये काडी घालून बघावी, काडी ओली निघाली पाहिजे.

ते पत्र घेऊन मी शेजारी गेले. शेजारी ख्रिस्ती कुटुंब राहत होतं. त्या घरातल्या बाईंचं माहेर गोव्याचं, वयाने माझ्या आईएवढ्या, आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. त्यांच्या परड्यात मातीची घुमटासारखी भट्टी होती आणि नाताळात तिच्यातून जो वास सुटे त्याने आमच्या घराच्या मागच्या खिडक्या भरून जात. केकातलं त्यांना कळत नसेल तर अख्ख्या मालवणात कुणाला कळणार नाही, असं मला वाटे.

मावशींनी पत्र वाचून घेतलं आणि शेवटच्या ओळीला हसल्या. "लिवताना चुकलो असतलो तुझो घोव. काडी सुकी येवक होयी. ओली काडी म्हणजे कच्चो केक."

"पण दोन रेघा मारल्यानी आसत."

"मारूंदे. मी तीस वर्सां केक करतंय."

मी पत्राची घडी घातली. मावशींनी सोडा घातला, अंडी हात दुखेपर्यंत फेटली, भट्टीत ठेवलं आणि काडी अगदी कोरडी निघाल्यावर काढलं. सुंदर फुगला होता. काळसर, हलका, जाळीदार. मावशींच्या घरच्यांनी वाहवा केली. मीही खाल्ला, चांगलाच होता. पण तो केक होता, आणि नवरा पहिल्याच वाक्यात म्हणाला होता की केक म्हणू नको.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "झाला?"

"झाला, पण तां नाय."

सासरे मचव्यासकट समुद्रात बुडाले तेव्हापासून सासूबाईंनी मासे आणि अंडी सोडली होती. मला कधी त्यांनी अडवलं नाही, पण अंड्याचं काही करायचं तर मी ते मागच्या दारी करी, वेगळ्या भांड्यात. तेव्हा ठरवलं की आता मावशींची भट्टी नको. मागच्या दारीच तीन दगड मांडायचे, जाड बुडाचा टोप घ्यायचा आणि पत्रात लिहिलंय तसं करायचं, शेवटच्या ओळीसकट.

पहिली अडचण कपाची. घरात तीन कप होते आणि तिन्ही वेगळे. बोटीवरचा कप केवढा असेल? पत्राने विचारलं तर उत्तर यायला पुन्हा अडीच महिने. दिवसभर विचार केल्यावर माझ्या लक्षात आलं की कप केवढाही असला तरी चालेल, सगळ्याला तोच घेतला म्हणजे झालं. फक्त अंडी कपात मोजत नाहीत. गावठी कोंबडीची अंडी ती केवढी! मी चाराऐवजी पाच घातली. लोणी घरचंच, मैदा पाववाल्याकडून मागून आणलेला.

त्या दिवशी बूड करपलं आणि मध्ये पातळ खीर राहिली. मी टोप समोर घेऊन बसले होते. मागच्या दाराच्या उंबऱ्यावर सासूबाई येऊन कधी बसल्या ते कळलं नाही.

"खाली इतको इस्तव कित्याक घातलंस?"

"भाजूक नको?"

"भाजूक होया तां वरसून. धोंडस करताना बघितलंस मा? खाली चार निखारे, वर धा."

धोंडस म्हणजे जून काकडीचा, आमच्या भाषेत तवशाचा, गूळ आणि तांदळाच्या रव्याचा केक म्हणा. आमच्याकडे पूर्वापार तो टोपात, वर-खाली निखारे ठेवून भाजतात. मी तो शंभरदा खाल्ला होता आणि हे दोन पदार्थ एकमेकांचे नातेवाईक असतील हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

आठवड्याने पुन्हा केलं. सासूबाई उंबऱ्यावर बसून सांगत होत्या, मी करत होते. टोपाला त्या हात लावत नव्हत्या, पण लक्ष सगळं तिथेच. करवंटीचे निखारे त्यांनी मला वेगळे करायला लावले, सोडणांचे, म्हणजे नारळाच्या सालांचे, नकोत म्हणाल्या, त्यांचा धूर होतो. झाकणावरचे निखारे एका जागी न ठेवता कडेने पसरायला सांगितले. "मधी आपसूक शिजता. कडेक सांभाळूक होया." अर्ध्या तासाने म्हणाल्या, "वास बदललो. बघ आता."

मला काही वास बदललेला कळला नव्हता. झाकण काढलं. वरून पापुद्रा धरला होता, पातळ, चकचकीत, बारीक भेगा पडलेला. माडाच्या पातीची काडी मध्ये खुपसली. ओली निघाली, पण वाहती नव्हती; काडीला काळा, दाट चिकटा लागला होता.

एवढ्यात कुंपणापलीकडून मावशींनी बघितलं. "कच्चा आसा गो! ठेव आजून."

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "पत्रात काय लिवलाहा?"

"ओली निघाली पाहिजे."

"मगे उतर."

उतरवलं. आणि लगेच तुकडे करायला गेले तर सुरीला सगळं चिकटलं. सासूबाईंनी हात वर केला. "थंड होवंदे. वडयो गरम कापतत काय?" दोन तास आम्ही दोघी त्या टोपाकडे येऊन-जाऊन बघत होतो. थंड झाल्यावर सुरी सरळ खाली गेली आणि तुकडा अखंड उचलला गेला. कड जराशी कडक, मध्ये ओलसर, दातांना किंचित चिकटणारा. कच्चं नाही. ओलं. नवऱ्याला काय म्हणायचं होतं ते मला त्या घासाला कळलं आणि मी एकटीच हसत सुटले.

वरचा काळा लेप मात्र पुष्कळ दिवस जमला नाही. पत्रात लोणी, पिठीसाखर, कोको आणि थोडं दूध घोटायला सांगितलं होतं. बोटीवर बर्फाची पेटी असणार. आमच्याकडे वैशाखात लोणी सकाळी घट्ट आणि दुपारी तेल. लेप तुकड्यांवरून घसरून ताटात जाई. ह्यालाही तोड सासूबाईंनीच काढली. तरुणपणी त्या जत्रेसाठी खाजं करायच्या. बेसनाच्या कांड्यांवर गुळाचा पाक बसवणं हे त्यांच्या हातातलं काम. "पाक कर," त्या म्हणाल्या. "साखरेचो. बोटार तार धरली की कोको घाल, मगे लोणी, आणि घोट." लेपात अंडं नव्हतं, म्हणून तो त्यांनी स्वतः घोटला. घोटता घोटता तो चकचकीत झाला आणि मग एकदम जड. तेवढ्यात पसरला नाही तर कढईतच बसतो, हे आम्हाला एकदा तो बसल्यावर कळलं.

मावशींनाही तुकडा नेऊन दिला. त्यांनी सावकाश चावला. "केक न्हय ह्यो," त्या म्हणाल्या, आणि दुसरा तुकडा घेतला.

त्याच संध्याकाळी सासूबाईंनी मला विचारलं, "चव कशी लागता? सांग माका."

मी शब्द शोधू लागले. कडू म्हणावं तर कडू नव्हतं. गोड म्हणावं तर आधी गोड लागत नव्हतं. "धोंडसासारखा जड," मी म्हणाले, "पण गुळाचा नाय. काजू मधी येता. आणि आत..."

"ओला," त्या म्हणाल्या. "तू घोवासारखीच सांगतंस."

महिनाभराने मी बाजारातून आले तर घरात तोच वास. मागच्या दारी नाही, स्वयंपाकघरात, चुलीवर. सासूबाईंनी मला दारातच गाठलं. "डब्यातले तीन चमचे घेतलंय. तुका सांगान टाकतंय."

त्यांनी अंड्याशिवाय केलं होतं. भाजलेला तांदळाचा रवा, नारळाचं दाट दूध, पिकलेली दोन केळी कुस्करून, गूळ, आणि कोको. मैदा नाही, साखर नाही. काडी कशी निघाली, असं मी विचारलं. "ओली," त्या जरा ऐटीत म्हणाल्या.

मी एक तुकडा खाल्ला. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "खरा सांग. तसा लागता?"

खोटं बोलणं सोपं होतं, पण त्यांना खोटं नको होतं. "तसा नाय, आई. पण तो कडवटपणा तसोच. आणि वास."

त्यांनी स्वतःचा तुकडा तोंडात घातला आणि पुष्कळ वेळ घोळवला. "म्हणजे अर्ध्याक पोचलंय," त्या म्हणाल्या.

नवरा पुढच्या वर्षी आला तेव्हा डब्याच्या तळाशी एका खेपेपुरता कोको शिल्लक होता. तो आल्याच्या तिसऱ्या दिवशी मी मागच्या दारी टोप चढवला. दुपारी चहाबरोबर त्याच्यासमोर ताटली ठेवली आणि समोरच बसले. सासूबाई तांदूळ निवडत होत्या, पण हात थांबला होता.

त्याने खाल्लं. दुसरा घास घेतला. मग म्हणाला, "अशी नाय लागत."

मला वाटलं होतं की वाईट वाटेल. वाटलं नाही. मी पुढे सरकून विचारायला लागले. काय वेगळं आहे? जास्त गोड? कमी ओली? काजूंमुळे? त्याने डोळे मिटून चावलं. "धूर लागता मागसून. करवंटेचो. बोटीर तसो नसता. आणि लेप... थंयचो लेप मऊ असता." मग डोळे उघडून म्हणाला, "थांब. ती कशी लागता, तां आता माका नीट आठवणा नाय. ही खाल्लंय आणि ती पुसून गेली."

"म्हणजे? आता माका कळाचा कसा?"

तो हसायला लागला. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "बोटीर धूर कसो नाय? चूल कसली आसता थंय?"

आम्ही दोघांनी वळून बघितलं. नवऱ्याने बोटीवर नोकरी धरल्याला सहा वर्षं झाली होती. तो कुठल्या बंदरात जातो, काय खातो, कुठे झोपतो, यातलं एक अक्षर सासूबाईंनी कधी विचारलं नव्हतं. तो बोटीचं काही बोलू लागला की त्या उठून आत जात. मला वाटे, त्यांना त्यात रस नाही. नवऱ्याने मला एकदाच सांगितलं होतं की तसं नाही, वडील गेल्यापासूनचं आहे ते.

त्याने कप खाली ठेवला. "लोखंडाची आसता, आये. ह्या भिंतीएवढी. तेलार चलता." चुलीतला एक विझलेला कोळसा घेऊन तो जमिनीवर रेघा ओढू लागला. ही चूल, हा ओव्हन, इथे भंडारी उभा राहतो. चुलीभोवती लोखंडी कठडा असतो.

"कठडो कित्याक?"

"बोट हलता. टोप सरकान पडाचे नाय म्हणान."

सासूबाई सूप बाजूला ठेवून त्या रेघांपाशी येऊन बसल्या. ओव्हनमध्ये विस्तव वर असतो की खाली, त्यांनी विचारलं. भंडारी एकटाच असतो की हाताखाली कुणी असतं? पाणी गोडं कुठून येतं? नवरा सांगत होता आणि त्या ऐकत होत्या, मध्ये मध्ये बोटाने एखादी रेघ दाखवून पुन्हा विचारत होत्या. चहा निवून गेला तरी कुणाचं लक्ष नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "आणि वादळात?"

नवऱ्याने कोळसा खाली ठेवला. "वादळात चूल बंद करतत. सुको पाव आणि डब्यातला काय आसात तां."

"भंडारी खंय जाता मगे?"

"आमच्याबरोबर. सगळे एका जाग्यार बसतत, खाली. एकमेकांका धरून."

सासूबाईंनी मान हलवली. "बरा करतत," त्या म्हणाल्या, आणि त्याची अर्धी उरलेली ताटली त्याच्यासमोर सरकवली.