आबांच्या गाडीला ट्रॅक्टरचं स्टिअरिंग

धुळ्याच्या आग्रा रोडवर भंगाराच्या दुकानांची एक लांबलचक रांग होती. तिथं साडी नेसलेली बाई ट्रॅक्टरची स्टिअरिंगं हातात धरून बघते आहे, हे त्या काळात कुणाला पचण्यासारखं नव्हतं. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी धुळ्यात शाळेत शिकवायची. दुकानदार सारखा म्हणत होता, ताई, साहेबांना घेऊन या. शेवटी माझं डोकं तापलं. मी सांगितलं, आमच्या साहेबांना स्कूटरचा प्लग कुठं असतो तेही ठाऊक नाही, तुम्ही ते मागचं काळं चाक काढा. जाड कडेचं, मुठीत भरेल असं चाक मला हवं होतं. त्यानं ते मुकाट्यानं काढून दिलं.

चाक हवं होतं माझ्या वडिलांच्या गाडीसाठी. त्यांना आम्ही आबा म्हणत असू. धरणगावच्या एका जिनिंग फॅक्टरीत त्यांनी उभा जन्म फिटर म्हणून काढला. फॅक्टरीच्या मालकाच्या थोरल्या मुलानं हौसेनं एक विलायती स्पोर्ट्स कार आणली होती. दोनच सीटा, उघडं टप, लांब नाक, लाल रंग. मुलगा पुढं परदेशी गेला तो गेलाच, आणि गाडी सरकीच्या पोत्यांमागे धूळ खात पडली. आबा सुटीच्या दिवशी तिच्याशी खटपट करत बसायचे. ते निवृत्त झाले तेव्हा मालक म्हणाले, ही दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही, तुम्हीच घेऊन जा. कापसाच्या बैलगाड्यांच्या रांगेतून आबांनी ती घरी आणली, त्या दिवशी आईनं तिला ओवाळलं आणि नंतर आठवडाभर विचारत राहिली की यात बसायचं कुठं.

त्या गाडीचं स्टिअरिंग मोठं आणि देखणं होतं, पण कड बारीक. बोटाएवढी जाड, गुळगुळीत, कडक. आबांच्या बोटांत संधिवात शिरला आणि त्या बारीक कडेवर त्यांची मूठ मिटेनाशी झाली. त्या उन्हाळ्यात मी माहेरी आले असताना ते मला एरंडोल रोडला फिरवायला घेऊन गेले. पुलाजवळच्या वळणावर त्यांचा हात सटकला. गाडी बांधाकडे वळली आणि मी शेजारून चाक धरून ओढलं. काही झालं नाही. आम्ही घरी आलो, आबांनी गाडी शेडमध्ये लावली, वर ताडपत्री टाकली. मी त्यांचं चाक ओढलं याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत, आणि मला तेच फार लागलं.

पुढं आईकडून कळलं की इंदूरचा जुन्या गाड्यांचा एक शौकीन गाडी बघून गेला आहे. आबांनी त्याला शब्द दिला होता की दसऱ्यापर्यंत मी स्वतः चालवायला लागलो नाही तर घेऊन जा. मी भडकले. बोटं आखडली म्हणून माणूस घरात आखडून बसतो की काय! पण भडकून उपयोग नव्हता. बोटं पूर्वीसारखी होणार नव्हती, हे मला कळत होतं. मग चाकच बोटांजोगं करायचं, असं मी ठरवलं.

नवरात्रात शाळेला सुटी लागताच ते ट्रॅक्टरचं चाक मांडीवर घेऊन मी एसटीत बसले. कंडक्टरनं विचारलं, बाई, ड्रायव्हरला उठवू का. सगळी गाडी हसली. मी म्हटलं, अमळनेरपर्यंत त्यांना चालवू द्या, मग बघू.

आबांनी चाक पाहिलं आणि चष्मा वर केला.

"गाडीले नांगर जुंपाना शे का, माय?"

 मी चाक त्यांच्या हातात दिलं. त्यांची बोटं त्या जाड कडेभोवती गेली आणि तिथंच बसली. पुरती मिटायची गरजच नव्हती. ते खाटेवर बसून होते, चाक मांडीवर, आणि हळूहळू डावीकडे वळवत होते, मग उजवीकडे. आईनं चहा आणला तो निवला. तिनं मला डोळ्यांनीच खूण केली की बोलू नकोस.

जुनं चाक मी काढलं. मला लहानपणापासून पाने द्यायची आणि घ्यायची सवय होती, आणि आबा शेजारी उभे राहून सांगत होते. मधला नट सुटला, पुलर लावून ओढलं तसं चाक कुरकुरत वर आलं. मग कळलं की पंचाईत आहे. स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाला जे बारीक दाते असतात त्यांत ट्रॅक्टरच्या चाकाचा मधला भाग बसेना. आबांच्या ओळखीच्या लेथवाल्याकडे दोन्ही चाकं नेली. त्याला आबांबद्दल आदर होता, म्हणून त्यानं जरा वेळ घेऊन सांगितलं. जुन्या चाकाचा मधला दातेरी गाभा कापून काढायचा आणि तो नव्या चाकात बोल्टांनी बसवायचा, दुसरा रस्ता नाही. पण मग जुनं चाक गेलं म्हणून समजा. ते परत जोडता येणार नाही.

इंदूरच्या माणसाला गाडी जशीच्या तशी हवी होती, मूळ चाकासकट. तेव्हा कापलं तर विकायचीही वाट बंद, आणि एवढं करून आबांचे हात चाललेच नाहीत तर गाडी शेडमध्येच सडणार. हे आम्हा तिघांनाही कळत होतं. लेथवाला हातातल्या कापसानं बोटं उगाच पुसत उभा होता. आबांनी जुन्या चाकाच्या कडेवरून अंगठा फिरवला. ज्या जागी त्यांचा हात नेहमी असायचा तिथला काळा रंग उडून गेला होता.

"कापी टाक," ते म्हणाले. "चाक जाई, गाडी ऱ्हाई."

मी दुकानाबाहेर येऊन उभी राहिले. मला रडू येत होतं आणि लेथच्या आवाजात ते कुणाला ऐकू जाणार नव्हतं, हे बरं झालं.

नवं चाक तयार होऊन आलं ते खंडेनवमीच्या सकाळी. लेथवाल्यानं स्वतःच्या यंत्राला हार घालण्याआधी घाईनं ते पोचतं केलं. मी पाना घ्यायला शेडमध्ये गेले तर पेटी रिकामी. आईनं पाने, पक्कड, हातोडी, पुलर, सगळं धुऊन पाटावर मांडलं होतं आणि हळदकुंकू वाहिलं होतं. मी म्हटलं, एक नट तर आवळायचा आहे. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अजून फ्रॉकमध्येच आहे.

"हत्यारे पूजामा शेतस. आते कोनी हात लावानं नही."

आबाही तिच्या बाजूनं. खंडेनवमीला पूजेतलं हत्यार उचलायचं नाही म्हणजे नाही. जिनिंगमध्ये त्या दिवशी मालक आला तरी यंत्र हलत नसे. नवं चाकही पाटावर गेलं आणि त्याच्याभोवती झेंडूची माळ आली. मग आईच्या लक्षात आलं की गाडी दक्षिणेकडे तोंड करून उभी आहे, अशीच तिची पूजा कशी करायची. गाडीला स्टिअरिंग नव्हतं. तेव्हा मी आणि आबांनी पुढची चाकं पायानं ढकलून वळवली, आई मागून लोटू लागली, आणि बऱ्याच धापा टाकून गाडी पूर्वेकडे झाली. पूजा झोकात झाली. जुनं चाक काढताना गाडीची पुढची चाकं सरळ ठेवली होती, ती मात्र या ढकलाढकलीत जराशी उजवीकडे वळलेली राहिली, हे तिघांपैकी कुणाच्याही ध्यानात आलं नाही.

दसऱ्याला दुपारी आईनं पाटावर अक्षता टाकून हत्यारं मोकळी केली. मी चाक सरळ धरून दात्यांवर बसवलं, नट आवळला आणि आबा आत बसले. गाडी गल्लीतून सरळ निघाली तेव्हा चाक डावीकडे चांगलंच कललेलं. मी कपाळावर हात मारला. आबांनी मात्र खो खो हसून विचारलं की पूर्वेला तोंड करायची कल्पना कुणाची. आई दारातून ओरडली की कलू दे, आधी सीमोल्लंघन करून या.

आम्ही एरंडोल रोडला लागलो. दोन्हीकडे कापूस फुटलेला होता, माणसं आपट्याची पानं घेऊन गावाकडे येत होती आणि लाल गाडी बघून हात करत होती. आबांना चाकावरून हात उचलता येत नव्हता, ते मान हलवत होते. त्यांची बोटं काळ्या कडेवर घट्ट बसली होती, पण मला त्यांच्याकडे बघवेना, कारण पुढं पूल दिसू लागला होता.  आबांनी वेग कमी केला नाही.

वळण आलं आणि माझा हात आपोआप उचलला गेला.

"हात मांडीवर ठेव, माय," आबा रस्त्यावरून नजर न काढता म्हणाले. "मी धरेल शे."

मी हात मांडीवर ठेवला. तिरकं चाक फिरलं, गाडी वळणातून नीट बाहेर पडली आणि शिवेच्या दगडापलीकडे जाऊन थांबली. आबांनी खिशातून आपट्याचं एक पान काढून माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, घरी जाताना जरा लांबच्या रस्त्यानं जाऊ.