खूर फुटलेलं अक्षर

भांडुप स्टेशनजवळच्या फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसणाऱ्या त्या माणसाला एकच अक्षर ठाऊक होतं. जाड, दोन्ही बाजूंनी चेपलेलं, टोकांना खूर फुटल्यासारखं. नेत्याचा वाढदिवस असो, क्लासची जाहिरात असो की मयत, तो तेच ठोकायचा. डाव्या हातात चहाचा ग्लास आणि उजव्या हाताने माउस ओढत तो ती अक्षरं आणखी दाबायचा, बॅगेत कपडे कोंबावेत तशी.

वडिलांच्या शोकसभेचा बॅनर करायला गेलो तेव्हा मी म्हटलं, "अहो, जरा साधं, बारीक अक्षर घ्या ना. शांत माणूस होता तो."

त्याने मानही वर केली नाही. "घेतो की. मग खालची चाळीस नावं कुठे घालू? वरचं कोण वाचतंय, साहेब? जो तो आपलं नाव शोधतो."

असल्या अडाण्याशी काय बोलायचं, म्हणून मी पैसे देऊन निघालो.

दुसऱ्या दिवशी नाक्यावर बॅनर लागला. वर वडिलांचा फोटो होता, पण माझी नजर आधी खाली, शोकाकुलांच्या यादीत गेली. माझं नाव धाकट्या भावाच्या नंतर होतं.

मी तसाच दुकानात भांडायला गेलो.