अडलेली शिंक

औषधांच्या दुकानात तो माझ्या शेजारीच उभा होता. दुकानदाराने ओळखलं, त्याला नव्हे, त्याच्या नाटकातल्या गोंदूमामाला. "मामा, एकदा ती शिंक होऊन जाऊ दे!"

तीस वर्षं हा माणूस रंगभूमीवर एकच काम करतोय. नाक फुगवायचं, डोळे मिटायचे आणि शिंक येऊ द्यायची नाही. त्या नाटकात मी त्याचा व्याही होतो. पुढे मी राजे केले, खुनी केले. आंधळ्या कीर्तनकारासाठी महिनाभर डोळ्यांना पट्टी बांधून घरात वावरलो. आमच्या सोसायटीचा वॉचमन अजून विचारतो, "कुणाकडे जायचंय?"

जळतो मी त्याच्यावर. देवाने त्याला नाक दिलं आणि मला नुसती मेहनत.

त्याने नाक फुगवलं. दुकान हसून लोटपोट झालं. चिठ्ठी द्यायला उचललेला माझा हात मात्र हवेतच थांबला. नाटकात व्याह्याच्या हातात कपबशी असायची, आणि मामाचा हशा ओसरेपर्यंत ती तशीच धरायची, एवढंच माझं काम होतं.

हशा ओसरला. मी चिठ्ठी पुढे केली.

"व्याहीबुवा," तो हळूच म्हणाला, "तुमची वेळ अजून चुकत नाही हं."

मला ते आवडलं, याचाच जास्त राग आला.