मुक्या नळीचा सूर

पेरको मास्तर एके काळी व्हिएन्नापासून क्राकोपर्यंत ऑर्गन वाजवत फिरले होते. त्यांच्या रचना छापून येत, लोक रांगा लावून ऐकत. मी त्यांना ओळखते ते मात्र आमच्या टेकडीवरच्या चर्चचा ऑर्गनवाला म्हणून. स्वतःच्या आईच्या आजारपणात चार महिन्यांसाठी आले नि तीस वर्षं राहिले. शहरं त्यांना विसरली. पण दर रविवारी प्रार्थना संपली की ते मनाने काहीतरी वाजवायचे, आणि घरी सूप निवत असलं तरी आम्ही जागचे हलत नसू.

आमच्या ऑर्गनची एक नळी मुकी होती. लढाईत तुळई पडून चेपली, ती कुणी नीट केलीच नाही. मास्तरांच्या एका संथ धुनेत नेमका तोच सूर टोकाला यायचा. पट्टी दाबली तर नुसता वारा जाई. म्हणून तिथे ते हात उचलायचे आणि तो एक सूर आम्ही तिघी गायचो: मी, फानिका आणि टपाल वाटणारी झोफ्का. ठरवून नव्हे. एकदा फानिकाच्या तोंडून निघून गेला, मास्तर ऑर्गनवरच्या आरशात आम्हाला बघून हसले, आणि मग रीतच पडली.

बोगोमिर त्यांचा शिष्य. चांगला तिशीतला, सहा वर्षं शेजारी बसून ऑर्गनच्या आवाज बदलायच्या खुंट्या ओढायचा आणि ईस्टरला माझ्या घरची पोतित्सा, अक्रोड भरलेला गोड पाव, खायचा. "तिल्काताई, अक्रोडात हात आखडता घेतलात हं यंदा," असं वर ऐकवायचा. इथे आल्यापासून मास्तर काहीच लिहून ठेवत नसत. हा घरी जाऊन लिहीत होता, ते आम्हाला कुठे ठाऊक!

तो शहरात गेला. दोन वर्षांनी मी इस्त्री करताना रेडिओवर ती धून लागली. संगीतकार म्हणून बोगोमिरचं नाव. टोकावरच्या त्या शांततेचं निवेदकाने केवढं कौतुक केलं! अहो, ती जागा रिकामी नव्हती, तिथे आम्ही होतो. पण त्याने आम्हाला लिहायचं तर आम्ही कुणाच्या धुनेत गातो, हेही लिहावं लागलं असतं.

मास्तरांनी त्याला पत्र टाकलं. उत्तर त्यांनी मलाच वाचायला दिलं. 'तुम्ही हवेत सोडलंत, मी वेचलं. नाहीतर तुमच्याबरोबरच गेलं असतं.'

"अक्षर सुधारलंय त्याचं," एवढंच मास्तर म्हणाले.

वसंतात शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये त्याचा कार्यक्रम जाहीर झाला. फानिका उसळलीच. "आपण जायचं आणि तिथे गायचं. कळू दे लोकांना ती जागा कुणाची आहे ते."

"नको गं बायांनो," मास्तर म्हणाले.

"तुम्ही बोलूच नका, मास्तर. न बोलण्यानेच ही वेळ आणलीय."

शेवटी तेही बसमध्ये चढले, पोटावर न बसणारा जुना काळा कोट घालून.

धून सुरू झाली. एकेक वळण मास्तरांचंच. ती जागा आली, बोगोमिरने हात उचलले, आणि आम्ही तिघी उभ्या राहून गायलो. आवाज थेट घुमटापर्यंत गेला. माना वळल्या. वर सज्जात ऑर्गनवरच्या आरशात बोगोमिरचा चेहरा दिसला, पांढराफटक. मला वाटलं, संपला हा.

पण तो पुढे वाजवत राहिला. शेवटी सगळे उठून टाळ्या वाजवू लागले, तेव्हा तो कठड्याशी आला, वाकला आणि हसत हात आमच्याकडे केला; जणू त्यानेच आम्हाला तिथे बसवलं होतं! टाळ्या दुप्पट झाल्या. शेजारची बाई माझा हात दाबून म्हणाली, "काय सुंदर कल्पना हो त्यांची!" फानिका ओरडली, "अहो, ते ह्यांचं आहे!" त्या गलक्यात कुणी ऐकतंय?

परतीच्या बसमध्ये मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सुरात गायलात. छान साथ झाली त्याला."

ते रागावून बोलले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी प्रार्थना संपली. सवयीने आम्ही तिघी श्वास घेऊन थांबलो. मास्तरांनी छापील पुस्तकातलं एक भजन पानावर बोट ठेवून वाजवलं, झाकण लावलं आणि जिना उतरले. तेव्हापासून ते पुस्तकातलंच वाजवतात. चर्च लवकर रिकामं होतं, आणि आमच्याकडे रविवारचं सूप आता गरम असतं.