खालांच्या नळाची पंधरा मिनिटं

आमच्या गारखेड्यातल्या गल्लीत सोमवार-मंगळवाराला फारशी किंमत नाही. पाण्याचा दिवस आहे की नाही, एवढंच विचारायचं. त्या दिवशी शिळं पाणी झाडांना ओतायचं, ड्रम घासायचे आणि नळाकडे कान लावून बसायचं. जन्मभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलेली मी, माझीही तीच गत.

पूर्वी सगळा कारभार एका लाईनमनच्या हातात होता. सायकलला लांब लोखंडी चावी बांधून तो यायचा आणि रस्त्यातल्या खड्ड्यात ती घालून व्हॉल्व्ह फिरवायचा. गल्ली चढाची. आमचं घर खाली; सगळी गल्ली ज्यांना खाला, म्हणजे मावशी म्हणते, त्यांचं सगळ्यात वर. पाणी जेमतेम पाऊण तास, त्यातही मधली पंधरा मिनिटं आमच्या नळाची धार करंगळीएवढी व्हायची. मला वाटायचं, नक्की कुणाचा तरी वशिला आहे. एकदा त्याला विचारलंच.

"लाईनीचं असंच राहतंय, बाई. तुम्हाला नाय कळायचं."

मला नाही कळायचं! मी पेटलेच. महापालिकेला अर्ज लिहिला: सर्वांना समान वेळ, ठरलेलं वेळापत्रक, लाईनमनची मनमानी बंद. घरोघर फिरून सह्या घेतल्या. खालांनीही केली. त्यांचे यजमान, खालू, अंथरुणाला खिळलेले, त्यांना कूस बदलून देता देता खालांनी पेन हातात घेतलं.

अर्ज चक्क मान्य झाला. वेळापत्रक मोबाईलवर येऊ लागलं. व्हॉल्व्ह एकदा उघडायचा, एकदा बंद करायचा, मध्ये हात लावायचा नाही. आमचा नळ पाऊण तास धो धो वाहू लागला आणि मी गल्लीत ताठ मानेनं हिंडू लागले.

पाण्याच्या तिसऱ्या पाळीला खाला दोन रिकाम्या घागरी घेऊन माझ्या दारात उभ्या.

"ताई, तेवढ्या भरून द्या. ह्यांच्या चादरी धुवायच्यात. तीन पाळ्या झाल्या, वर पाणीच चढंना."

मी तडक लाईनमनला गाठलं. तो सायकलवरून उतरलाही नाही.

"खालचा व्हॉल्व्ह निम्मा आवळल्याबिगर वर चढत नाय, बाई. ती पंधरा मिनिटं खालांची होती. आता वरून हुकूम हाय, मी कसा आवळू?"

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं, तर समदी गल्ली खालांच्या दारात भांडायला गेली असती. तुम्ही म्होरं."

गेले असते. खोटं कशाला बोलू? मला माझीच लाज वाटली.

दुसरा अर्ज त्याच दिवशी दिला. तो ऑफिसात आहे, अजून तिथंच आहे. म्हणून पुढच्या पाळीला पाणी आल्यावर मी खालच्या घराघरांत जाऊन पंधरा मिनिटांसाठी मोटारी आणि नळ बंद करायला लावले. लोक कुरकुरले, पण निम्म्या गल्लीनं माझ्या हातची छडी खाल्लेली आहे. मग चढ चढून वर गेले. खालांच्या नळात आधी नुसती हवा फुसफुसली, मग पाणी आलं. त्यांनी पहिली चादर बादलीत बुडवली.

मी म्हटलं, "खाला, हे सगळं माझ्या अर्जामुळं झालं. सही करण्याआधी वाचायचा तरी होता."

"तुम्ही लिहिलेला," खाला चादर चोळत म्हणाल्या, "त्यात वाचायचं काय?"