चाचांच्या शेतातली माती

अंजूरचं आमचं शेत गोडाऊनला देऊन टाकू, असं थोरल्या भावाने ठरवलं तेव्हा मी तावातावाने भांडलो. शेवटी तो म्हणाला, "तीन पावसाळे देतो. भात सुधारलं तर शेत राहील, नाहीतर गुपचूप सही कर." त्याचंही खरं होतं. बैल विकल्यापासून शेणखत बंद, कापणीनंतर वाल पेरणं बंद, नुसता युरिया मारत होतो. माती दगडासारखी झाली होती आणि भात दरवर्षी कमी उतरत होतं.

आणि मी शहाण्याने पहिल्याच वर्षी काय करावं? रोपांसाठी राब भाजतात, म्हणजे वाफ्यावर शेण आणि पालापाचोळा पसरून जाळतात. पाला गोळा करायला जातो कोण? मी कामतघरला लूमवर, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, सुपरवायझर. तिथून सुताच्या कचऱ्याच्या चार गोणी रिक्षात घालून आणल्या आणि दिल्या पेटवून. सूत म्हणजे कापूसच की! अहो, उभा जन्म लूमवर गेला, आणि त्यात निम्मं पॉलिस्टर असतं हे मलाच सुचू नये? सगळं वितळलं आणि वाफ्यावर काळी चामडी बसली. पाऊस पडला, पण भाताचा एक कोंब वर आला नाही.

शेजारच्या शेतातून चाचा आले. कोकणी मुसलमान, घराणं पिढ्यान् पिढ्या इथलंच, हयात भातात गेलेली. "काय रे, शेत शिवायला बसलास काय?" म्हणाले. मला हसू येत होतं आणि रडूही. मग ते स्वतःच गुडघे टेकून ती चामडी सोलू लागले. लावणीला त्यांनी त्यांच्याकडचं जादा आवण, म्हणजे भाताची रोपं, माझ्या शेतात आणून दिली. कापणी झाल्यावर वालाचं बी हातात ठेवलं. "ओल हाय तवर पेर. नि पुढल्या साली पाला जाळू नको, कुजव. जमीन उपाशी हाय तुझी, दुसरं काय न्हाय."

तिसऱ्या वर्षी नांगर सहज आत गेला आणि नांगरलेल्या सरीत गांडुळं दिसली. भात खळ्यावर आलं तेव्हा भावाने मूठभर दाणे घेऊन तळहातावर चोळले. "राहू दे शेत," एवढंच म्हणाला.

गेल्या उन्हाळ्यात चाचांच्या मुलांनी त्यांचं शेत गोडाऊनला दिलं. मी तोंड चुकवत फिरत होतो. एका सकाळी बघतो तर आमच्या बांधाला ट्रॅक्टर उभा, ट्रॉलीत काळीभोर माती. मुरमाचा भराव पडायच्या आधी चाचांनी शेताचा वरचा थर काढून घेतला होता. "ही आता कुठं ठेवू? तुझ्याकडंच राहू दे," म्हणाले. दिवसभर खेपा चालल्या. मी फावडं घेऊन माती पसरत राहिलो.

यंदा लावणीच्या दिवशी चाचा आले. बांधावर चपला काढून त्यांनी विचारलं, "माझी कुठं पसरलीस?" मी हाताने दाखवलं. ते तिथेच उतरले.